लेथची वाटणी

२ जानेवारी

काका,

वर आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग खोडलं. इतक्या वर्षांत एकदाही न भेटलेल्या माणसाला एकदम तीर्थरूप म्हणायला जीभ वळते, पेन वळत नाही. पाकिटामागचं आडनाव वाचून पत्र फाडायच्या आत सांगते: मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. कारखान्यात सारखी तुमच्या पायांत यायचे म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणायचात. फोनच करणार होते. पण बाबा म्हणाले, दादा आपला आवाज ऐकला की फोन ठेवतो. पत्रही ठेवून देता येतंच, पण त्याआधी निदान उघडावं लागतं.

मी कातारी झाले, तुमच्यासारखीच लेथवर लाकूड कातते. घरातले दोन कातारी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यात तिसरी कशाला, असं आई म्हणायची, तरी झाले. खुर्च्या-टेबलांच्या एका कारखान्यात बरीच वर्षं लेथवर होते. तो गेल्या वर्षी बंद पडला. आता घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करते आहे. त्यासाठी जुनं लेथ शोधत जुन्या मशिनरीच्या वखारी पालथ्या घालत होते. एका वखारीत कोपऱ्यात एकावर रंगाचे डबे रचून ठेवलेले दिसले. वखारवाला म्हणाला, “ताई, ते मशीन नाही, ते टेबल आहे.” मी डबे बाजूला केले, तर लेथच्या बेडच्या, त्या लांब लोखंडी पाटाच्या, कडेला कानशीनं पाडलेल्या मापाच्या तीन खाचा. खुर्चीचा पुढचा पाय, मागचा पाय, स्टुलाचा पाय. आजोबांच्या खाचा, काका. लहानपणी मी त्यांत नख घालून बसायचे. मी तिथेच खाली बसले. वखारवाल्याला वाटलं, किंमत ऐकून बसली.

आणलं घरी. गंज इतका, की पहिले काही दिवस नुसतं रॉकेल पाजत होते. तारेच्या ब्रशनं घासून घासून कोपर सुजलं. लाकूड फिरवणारा दांडा, स्पिंडल, हातानं फिरत नव्हता, आता फिरतो. पट्टा नवा घातला. मोटर दुसरी बसवली. सगळं जमत आलं आहे.

पण ते अर्धं आहे. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. लाकूड फिरवणारं पुढचं डोकं बाबांच्या वाट्याला आलं, आणि दुसऱ्या टोकाला लाकूड धरून ठेवणारं मागचं डोकं तुमच्या. मी तेव्हा सात वर्षांची होते. तुम्ही पान्यानं बोल्ट सोडवत होतात आणि बाबा दुसऱ्या टोकाला मशीन धरून उभे होते, कुणीतरी ते पळवून नेणार असल्यासारखे. शेजारचे सुतारकाका म्हणत होते, “अरे, एकानं मशीन घ्या, एकानं जागा घ्या.” कुणी ऐकलं नाही. बाबांनी उरलेलं अर्धं मशीन वर्षभर झाकून ठेवलं आणि मग विकलं.

मला एक काम मिळालं आहे. वाचनालयाच्या नव्या जिन्याला कठड्याचे खांब करून द्यायचे आहेत, मार्चअखेर. माझ्या खोलीचं पहिलं काम, आणि ते नीट झालं तर पुढचंही त्यांच्याकडूनच मिळेल. लांब लाकूड मागच्या डोक्याशिवाय लावलं तर थरथरतं आणि सुटून कपाळात बसतं. दुसरी तीन डोकी आणून लावून पाहिली. एकाचीही उंची जुळत नाही, टोकाला टोक भिडत नाही. ते तुमच्याकडे असेल तर मला द्याल का? म्हणाल तशी घ्यायला येते.

भिंगरी

११ जानेवारी

भिंगरे,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. काकूनं विचारलं कुणाचं, तर म्हटलं विजेच्या बिलाचं.

तू कातारी झालीस हे बरं केलंस. आमच्या मुलानं संगणक धरला. त्याच्या खुर्चीचा पाय डुगडुगला तर खाली कागदाची घडी घालतो. कातारणीच्या हातची खुर्ची असती तर ही वेळ आली नसती, पण जाऊ दे.

आता ऐक. मागचं डोकं माझ्याकडे आहे. मी माझा वाटा विकला नाही. बापाची वस्तू भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायला काळीज लागतं, ते तुझ्या बापाकडे होतं. ज्या मशीनवर आपण वाढलो ते लोकांनी रंगाचे डबे ठेवायला वापरलं, हे तुझ्या पत्रात वाचून माझ्या अंगाची लाही झाली. हे त्याला वाचून दाखव.

तुला देईन. नाही असं नाही. पण तुझ्या हातात नाही देणार. त्यानं यावं. माझ्या उंबऱ्यावर उभं राहून म्हणावं, “दादा, दे.” एवढे दोनच शब्द. वाटणीच्या वेळी त्यानं मला सगळ्यांदेखत चोर म्हटलं होतं, त्याला किती शब्द लागले होते ते त्याला आठवत असेल. दोन शब्दांत सोडतोय, हा माझा मोठेपणा समज.

आणि स्पिंडलला काच पेपर लावू नकोस. हात थरथरला की तो एका बाजूनं खातो, मग जन्मभर लाकूड लंगडं फिरतं. स्पिंडल ज्यांत फिरतो ते पितळेचे बुश आधी बघ. पुढच्या बुशला खालून झीज असणार, कारण तुझे आजोबा पटाशी फार दाबायचे. बुश फिरवून लाव, पालटून, म्हणजे झिजलेली बाजू वर जाईल. नवे करायची गरज नाही.

काका

१९ जानेवारी

काका,

पुढच्या बुशला खरंच खालून झीज होती. पालटून लावला. आता स्पिंडल असा फिरतो की आवाजच येत नाही. इतक्या लांबून तुम्ही मशीनच्या पोटातलं दुखणं ओळखलंत, आणि भावाचं मात्र, जाऊ दे. हे तुमचंच ‘जाऊ दे’, बाबापण सारखं म्हणतात.

पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मी? आणि त्याच्या दारात?” मग म्हणाले, “त्याला सांग, मी विकलं कारण त्यानं माझ्याकडे धड मशीन ठेवलं नव्हतं. अर्धं मशीन म्हणजे अर्धा बैल. त्याला चारा घालायचा आणि नांगर आपण ओढायचा.” मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी म्हटलं, अहो, तुम्हा दोघांच्या मधे माझा जिना अडकला आहे. ते म्हणाले, जिना दुसऱ्या कुणाला दे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे दोघांनाही लागू आहे म्हणून दोघांनाही सांगते.

काका, मी येते. उंबऱ्यावर उभी राहून दोनच काय, तुम्ही म्हणाल तितके शब्द म्हणते. चोर म्हटल्याबद्दल कान पकडते. बाबांचे गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही. लाकूड आलं आहे. खोलीत रचून ठेवलं आहे आणि रोज मी त्याच्याकडे बघते.

भिंगरी

२७ जानेवारी

भिंगरे,

तुझे कान पकडून मला काय मिळणार? तू तेव्हा सात वर्षांची होतीस, मशीनखाली ढलप्या गोळा करत होतीस. ज्याचे कान त्यानेच यावं.

गुडघे दुखतात म्हणे! माझे काय लोण्याचे आहेत? त्याला लहानपणापासून ही सवय. काम जड आलं की याचा पाय मुरगळायचा. मग मी ओंडके वाहायचे आणि हा बापाजवळ बसून बारीक काम शिकायचा.

त्याला हे वाचून दाखव, अक्षर न् अक्षर. मागचं डोकं मी गोणपाटात गुंडाळून ठेवलं आहे. दर महिन्याला उघडतो, तेल लावतो, चाक एकदा पुढे एकदा मागे फिरवतो, म्हणजे आतला स्क्रू धरत नाही. इतकी वर्षं एक महिना चुकलेला नाही. बाप गेला, कारखाना गेला, भाऊ गेला, पण बापाची वस्तू मी गंजू दिली नाही. चाकावर तुझ्या बापाची ती वाकडी मूठ अजून आहे. ती त्यानं लेथवर केलेली पहिली वस्तू. एका बाजूला गाठ होती, तिथे पटाशी अडकली आणि मूठ अंड्यासारखी झाली. तरी बापानं ती चाकावर बसवली आणि जन्मभर हाताळली. मी केलेली पहिली मूठ बापानं चुलीत घातली होती. तीही वाकडीच होती. जाऊ दे.

एक वाटणी सांभाळणारा आणि एक विकणारा. कोण कसा मुलगा होता ते वर जाऊन बापालाच विचारू. तोवर माझी अट तीच. त्यानं यावं.

बेडवरचा गंज पूर्ण खरवडू नकोस. काळे डाग राहिले तर राहू देत, ते तेल धरून ठेवतात.

काका

९ फेब्रुवारी

काका,

बाबांनी सांगू नकोस म्हटलं होतं ते आज सांगते, कारण आता न सांगून भागणार नाही.

गुडघ्यांचं खोटं होतं. गेल्या पावसाळ्याआधी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीनं ओढतात. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, बोटं मिटत नाहीत. पटाशी धरणारा हात. जीभही जड झाली आहे, मला कळतं, परक्याला दोनदा विचारावं लागतं. ते म्हणाले होते, दादाला कळता कामा नये, तो दया करून देईल, मला ते नको.

मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, अक्षर न् अक्षर. गोणपाट, तेल, दर महिना, ती मूठ. चुलीचंसुद्धा वाचलं. ते त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, पुन्हा झटका येतो की काय. मग संध्याकाळी म्हणाले, “त्यानं सांभाळलं. मी विकलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “जाऊ.”

तेव्हापासून तयारी चालली आहे. आरशासमोर बसतात आणि म्हणतात, “दादा, दे.” मी म्हटलं, नुसतं दादा म्हणा, पुढचं मी म्हणते. तर नाही म्हणाले. म्हणाले, अट पुरी झाली पाहिजे, नाहीतर तो अडून बसेल, मला माहीत आहे तो. तुमच्या पाकिटावरचा गावाचा पत्ता आता त्यांना तोंडपाठ आहे.

आम्ही सतरा तारखेला निघतो. ओळखीच्या टेंपोवाल्यानं पुढची सीट द्यायचं कबूल केलं आहे. राग गिळून येत आहेत, काका. तो राग किती मोठा होता ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याकडेही तेवढाच आहे. दारात त्यांना फार वेळ उभं करू नका. एवढंच मागते.

भिंगरी

१३ फेब्रुवारी

भिंगरे,

तार करावी असं वाटत होतं, आता ती करता येत नाही. हे पत्र वेळेत मिळो.

सतराला येऊ नका. घराला रंग लावतोय, सगळं सामान अंगणात आहे, आजारी माणसाला बसवायला जागा नाही. काकूलाही बरं नाही. तसं बरं आहे, पण सर्दी आहे, आणि झटका आलेल्या माणसाला सर्दी बाधते.

झटका आला आणि मला कळवलं नाहीत. मी कोण, गल्लीतला कुत्रा? एवढं झालं आणि त्याला मी वाटेल ते लिहीत बसलो, गुडघे काय, लोणी काय. तुझ्या बापाचा स्वभाव अजून तसाच आहे, दुसऱ्याला चुकीचं ठरवायची संधी सोडत नाही.

त्यानं यायची गरज नाही. अट मी मागे घेतली. मीच घेऊन येतो. किंवा ट्रकनं पाठवतो. जड आहे, पण पाठवतो. त्याला आरशासमोर बसू देऊ नकोस.

नाहीच ऐकायचं असेल तर तीन मार्चनंतर या. त्याआधी नाही. त्याआधी मला जरा ते उघडून, साफ करून ठेवायचं आहे.

काका

८ मार्च

काका,

तुमच्याकडून येऊन तीन-चार दिवस झाले. परतीचा प्रवास बाबांना झेपला. काकूंना सांगा, त्यांनी सीटवर घालायला दिलेली गोधडी फार उपयोगी पडली, ती परत पाठवते.

मागचं डोकं बसलं. चांगलं बसलं. टोकाला टोक भिडलं. बाबांनी तसं कळवायला सांगितलं आहे.

त्यांचा तुम्हाला नमस्कार.

भिंगरी

१४ मार्च

भिंगरे,

काय बसलं?

तुझ्या मेल्या पत्राला आग लागो. चार ओळी लिहिल्यास त्यातल्या तीन खोट्या. गोधडीची तेवढी खरी असेल.

ते बसणं शक्य नाही. ते दोन बोटं उंच आहे. आपल्या मशीनची उंची मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे, मी त्यावर ओठावर मिसरूड फुटायच्या आधीपासून काम केलंय. खालून कापावं म्हणशील तर बिडाचं लोखंड तेवढं जाड नाही, कापलं तर फुटेल. तू कातारीण आहेस, तू पहिल्या दिवशीच लावून बघितलं असशील आणि पहिल्या दिवशीच तुला कळलं असेल. मग चांगलं बसलं, टोकाला टोक भिडलं, हे काय नाटक आहे?

हो. ते आपलं नाही. आपलं मी वाटणीनंतर दुसऱ्याच महिन्यात भंगारात दिलं. घरात येता-जाता त्यावर पाय ठेचायचा आणि तुझ्या बापाचं तोंड आठवायचं. एक दिवस भंगारवाला दारावर ओरडत आला आणि मी म्हटलं, घेऊन जा. गाडीवर चढवताना त्याला थांबवलं आणि मूठ काढून घेतली. का ते विचारू नकोस. तेव्हापासून ती माझ्या टेबलाच्या खणात होती. तुमचं यायचं पत्र आलं आणि मी वखारी धुंडाळत फिरलो, या वयात. दिसायला तसंच मिळालं. चाकसुद्धा तसंच. त्यावर मूठ बसवली, तेल लावलं, गोणपाटात गुंडाळलं. मला वाटलं, घरी नेईल, बसणार नाही, मग मला शिव्या घालेल. मी म्हणेन, तुमच्याच बेडमध्ये काहीतरी बिघडलं असेल. भांडू. निदान भांडण तरी पुन्हा सुरू होईल.

आणि तुम्ही लिहिता, चांगलं बसलं.

काय समजू मी? त्याला कळलं का? दारात उभं राहून त्यानं ते दोन शब्द म्हटले तेव्हा मला रडू आलं हे त्यानं पाहिलं. मग कळून त्यानं मला माफ केलं का? माफ केलं असेल तर तसं सांग. नसेल तर त्याला सांग, मला शिव्या घाल. चोर म्हण, लबाड म्हण, जे तोंडाला येईल ते म्हण. मी ऐकून घेईन. पण हे ‘बसलं’ मला ऐकवत नाही.

ते डोकं भंगारात टाक. मूठ तेवढी परत पाठव. त्या सगळ्यात तेवढीच खरी होती.

काका

२५ मार्च

काका,

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. ते मागत होते, मी म्हटलं, रंगाचं लिहिलंय. तुमच्या घरात खोटं बोलायची साथ आहे, ती आमच्याकडेही आली.

तुम्हाला विचारायचं होतं ना, की कळलं का. तर ऐका.

अंगणात तुम्ही गोणपाट सोडलंत आणि सारखं बोलत होतात, तेलाचं, चाकाचं, महिन्याचं. मी खाली वाकून ते उचलायला गेले. बाबांनी डावा हात पुढे करून फक्त मूठ धरली. डोळे मिटले. मला वाटलं, आठवण आली. तुमच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आणि मला वाटलं, झालं, इतक्या वर्षांचं एका क्षणात संपलं. मीपण रडले. एका अंगणात तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टींसाठी रडत होती आणि काकू चहा घेऊन उभ्या होत्या.

परतताना टेंपोत ते मग म्हणाले, “मूठ आपली आहे. बाकीचं कुठलं तरी आहे.” मी म्हटलं, अंगणातच का नाही बोललात? ते म्हणाले, “काय बोलू? त्यानंपण विकलंय. माझ्याआधी विकलं असेल. मग विकणारा मी एकटाच का ठरलो?”

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर लिहा.

घरी आल्यावर मी लावून बघितलं. तुम्ही म्हणता तसंच, दोन बोटं उंच. मी तेव्हाच तुम्हाला पत्र लिहायला बसले. इतकी वर्षं नाकानं कांदे सोलत होतात तर सोलायचे, पण एका लुळ्या माणसाला आरशासमोर बसवायची काय गरज होती, असं लिहिणार होते. बाबांनी माझं पेन धरून थांबवलं. डाव्या हातानं. म्हणाले, “लिही, चांगलं बसलं.”

मला वाटलं, हा माणूस किती मोठा आहे. मी विचारलं, म्हणजे माफ केलंत? तर ते हसले. आता त्यांचं अर्धंच तोंड हसतं. म्हणाले, “शिवी दिली की फिटंफाट होते. तो मग रडेल, मिठी मारेल, मोकळा होईल. मला फिटंफाट करायची नाही. बसलं म्हणून लिही. त्याला माहीत आहे की बसत नाही. आता त्यानं हे घेऊन झोपावं.”

काका, मी लिहिलं. मला तुमचा राग होताच. आज हे सगळं तुम्हाला लिहिते आहे ते त्यांच्या मनाविरुद्ध, कारण मला त्यांचाही राग आला आहे. तुम्ही दोघं एकाच बापाचे आहात यात कुणाला शंका नको. एकानं मशीन तोडलं, एकानं विकलं, मग दुसऱ्यानंही विकलं होतं हे कळलं, आणि आता दोघंही एकमेकांना झोप येऊ नये म्हणून जागे बसलात. या सगळ्यात एकाही गाढवाच्या डोक्यात आलं नाही की मधे एक मुलगी उभी आहे आणि तिचं लाकूड खोलीत पडून आहे.

वाचनालयाचे खांब दुसऱ्या कुणाला दिले. मीच जाऊन सांगितलं, वेळेत होणार नाहीत. त्यांनी चहा दिला. लाकूड त्या दुसऱ्या कातारणीच्या टेंपोत मीच चढवून दिलं. ती माझ्याच जुन्या कारखान्यातली आहे, तिच्या मशीनला दोन्ही डोकी आहेत. आता मी दाराच्या मुठी करते, खणाच्या मुठी, पेले, झाकणं, जे एका टोकाला धरून होतं ते सगळं. पुढचं डोकं सुंदर चालतं. बुश पालटून लावायचं तुम्ही सांगितलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते मानते. तेवढं एक तुमच्याकडून खरं आलं.

तुमचं दोन बोटं उंच डोकं भंगारात टाकलं नाही. रंगाचे डबे ठेवायला ते बरं पडतं.

मूठ परत मागू नका. डॉक्टरांनी बाबांना उजव्या हातात काहीतरी गोल धरून दाबायला सांगितलं आहे. मी रबरी चेंडू आणला होता, तो त्यांनी खिडकीतून फेकला. आता मी मूठ त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवते आणि बोटं एकेक करून तिच्यावर मिटवते. मी हात काढला की ती उघडतात आणि मूठ खाली पडते. मी उचलते, पुन्हा ठेवते. सकाळ-संध्याकाळ हेच चालतं. त्या वेळी ते तुमचं नाव घेतात. काय म्हणतात ते मला नीट कळतं, पण ते मी लिहिणार नाही.

भिंगरी